मोजणारा सोडून मत देणाऱ्यालाच तोललं

एक ढेरपोट्या, दाढीवाला माणूस मतपेटीला रेलून उभा आहे. घाई नाही, चिंता नाही. स्वतःच्या दुकानाच्या फळीला टेकून गिऱ्हाइकाकडे बघावं, तसं आपल्याकडे बघतोय. पेटीवर लिहिलंय, ‘मोजण्यात बळ आहे’. खाली त्याच्या तोंडचं वाक्य : जोवर मतं मी मोजतोय तोवर तुम्ही काय करणार? बोला की!

आपल्याकडे ‘एकीचं बळ’ म्हणतात तसंच इंग्रजीतही म्हणतात. थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्यातली फक्त ‘एकी’ काढून ‘मोजणी’ घातली आणि एका शहराचा कारभार एका ओळीत सांगून टाकला. चित्र ७ ऑक्टोबर १८७१ च्या ‘हार्पर्स वीकली’त आलं. न्यूयॉर्कची निवडणूक महिन्याभरावर होती आणि पेटीला रेललेला माणूस होता विल्यम ट्वीड, टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षाच्या शहरातल्या संघटनेचा ‘बॉस’.

निवडणुकीतल्या लबाडीवर त्या शतकात अमेरिकेत असंख्य व्यंगचित्रं निघाली. माझ्या मते त्यांतलं सगळ्यांत खरं चित्र हे. आणि सगळ्यांत खोटं चित्र याच नास्टने पाच वर्षांनी काढलं. पहिल्याचं कौतुक सगळेच करतात. दुसऱ्याबद्दल ‘काय करणार, काळच तसा होता’ म्हणून पान उलटतात. मला ते पान उलटू द्यायचं नाही, कारण त्या दुसऱ्या चित्रातलं म्हणणं आजही आपल्या दिवाणखान्यात बसून चहा पितंय.

आधी ट्वीडची गोष्ट. तो, महापौर ओकी हॉल, शहराच्या हिशेबांचा नियंत्रक रिचर्ड कॉनली आणि पीटर स्वीनी या चौकडीने शहराची तिजोरी कशी धुतली, ते बघायला त्यांनी बांधलेलं कोर्ट पुरे. सुरुवातीचा अंदाज अडीच लाख डॉलर. खर्च गेला सव्वा कोटीच्या वर. अँड्र्यू गार्वी नावाच्या गिलावा करणाऱ्या कंत्राटदाराने दोन दिवसांच्या कामाचं बिल लावलं १,३३,१८७ डॉलर. कोणाला वाटेल हजाराच्या जागी लाख लिहिले गेले. तसं नाही, आकडा समजून उमजून लावलेला होता. कंत्राटदाराने बिल फुगवायचं, त्यातला मोठा हिस्सा चौकडीने ठेवायचा. टक्केवारी हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. एकूण किती गेले यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. अडीच कोटी डॉलरपासून वीस कोटींपर्यंत अंदाज आहेत.

आणि हे चालत होतं निवडणुकीच्या जोरावर. तेव्हा अमेरिकेत सरकारी मतपत्रिका नव्हती. पक्षच आपापल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी छापायचे, बऱ्याचदा रंगीत किंवा वेगळ्या आकाराची, म्हणजे पेटीपाशी उभ्या असलेल्या माणसाला लांबून दिसावं की कोणी काय टाकलं. मत विकत घेणाऱ्याला आपला माल पोचल्याची खात्री तिथल्या तिथे. एकाच माणसाने दिवसभरात चार ठिकाणी मत द्यायचं हा तर धंदाच होता. दाढीसकट एकदा, मग न्हाव्याकडे जाऊन गलमिश्या ठेवून दुसऱ्यांदा, पुढे नुसत्या मिशीवर, शेवटी गुळगुळीत होऊन, अशी त्याची ख्याती होती. १८६८ च्या निवडणुकीआधी शहरातल्या न्यायाधीशांनी परदेशातून आलेल्यांना हजारोंच्या संख्येने घाऊक नागरिकत्व वाटलं. त्याची पुढे काँग्रेसने चौकशी केली. पण हे सगळं वरवरचं. खरी किल्ली शेवटच्या टेबलावर होती. १८७७ मध्ये तुरुंगातल्या ट्वीडने नगरसेवकांच्या समितीपुढे जबानी दिली, तेव्हा त्याचं जे उत्तर प्रसिद्ध झालं त्याचा अर्थ असा, की निकाल मतपत्रिकांनी लागत नसे, मोजणाऱ्यांनी लागत असे. नास्टने जे सहा वर्षं आधी काढलं होतं, ते आरोपीने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. व्यंगचित्रकाराच्या नशिबी असा दाखला फार क्वचित येतो.

ही चित्रं निघायची कशी, तेही पाहण्यासारखं आहे. बॉक्सवुडच्या छोट्या ठोकळ्यांना एकमेकांना जोडून मोठा ठोकळा करायचा. नास्ट त्याच्यावर थेट पेन्सिलीने काढायचा, तेही उलटं, कारण छापल्यावर सुलटं व्हायला हवं. मग कोरणारे कारागीर रेघांच्या मधलं लाकूड खरवडून काढायचे. घाई असली की ठोकळे सुटे करून वेगवेगळ्या हातांत द्यायचे. त्या आडव्या-तिरप्या जाड रेघा, ट्वीडच्या पोटाची ती घट्ट गोलाई, शर्टावरचा तो टपोरा हिरा, हे सगळं लाकडाच्या स्वभावातून आलंय. लाकडात अर्ध्या छटा अवघड. काळं नाहीतर पांढरं. नास्टचा स्वभावही तसाच होता.

१८७१ सालची त्याची चित्रं म्हणजे एकाहून एक वरचढ फटके. १९ ऑगस्टच्या अंकात सगळी टोळी गोल करून उभी आहे आणि प्रश्न आहे, लोकांचे पैसे कोणी चोरले? प्रत्येकाचं बोट शेजाऱ्याकडे. पुढे चौकडी, मागे कंत्राटदार, आणि त्यांच्यातच ‘टॉम, डिक अँड हॅरी’, म्हणजे आपल्याकडचे सोम्यागोम्या. २३ सप्टेंबरला तेच चौघे गिधाडं होऊन डोंगराच्या कड्यावर अंग चोरून बसलेत, पायाशी शहराची हाडं, वादळ निघून जायची वाट बघताहेत. मतदानाच्या तोंडावर टॅमनीचा वाघ आखाड्यात स्त्रीरूपी गणराज्याला फाडतोय आणि ट्वीड प्रेक्षकांत सम्राटासारखा बसलाय. हा वाघ नास्टने हवेतून आणला नव्हता. ट्वीड तरुणपणी ज्या आगीच्या बंबाच्या पथकात होता, त्या बंबावर वाघाचं तोंड रंगवलेलं होतं. माणसाची जुनी फुशारकी उचलून त्याच्याच नरड्याला लावायची, हे कसब.

यावरून ट्वीडचं एक वाक्य जगभर सांगितलं जातं : वर्तमानपत्रातल्या लेखांची मला फिकीर नाही, माझ्या मतदारांना वाचता येत नाही, पण ती चित्रं त्यांना दिसतातच ना! व्यंगचित्रकलेवरच्या प्रत्येक भाषणात हे येतं. मलाही आवडायचं. पण जरा ताडून पाहिलं की ते डळमळतं.

‘हार्पर्स वीकली’ दहा सेंटला मिळायचं. गोदीवर हमाली करणारा आयरिश माणूस ते विकत घेत नव्हता. ते घेत होता पांढरपेशा, बहुतेक प्रोटेस्टंट, रिपब्लिकन घरातला वाचक. आणि ७ नोव्हेंबर १८७१ ला निकाल काय लागला? टॅमनीचे उमेदवार जागोजागी पडले, पण खुद्द ट्वीड राज्याच्या सिनेटवर पुन्हा निवडून आला. ज्या निरक्षरांना चित्रं ‘दिसत होती’ असं म्हणतात, त्यांनी ती पाहून न पाहिल्यासारखी केली. ट्वीडला त्या जागेवर बसता आलं नाही ही पुढची गोष्ट.

मग टोळी पडली कशाने? वहीने. जानेवारी १८७१ मध्ये जिल्ह्याचा लेखापरीक्षक जेम्स वॉटसन बर्फातल्या घसरगाडीच्या अपघातात गेला. त्याच्यानंतर खात्यात शिरलेल्या मॅथ्यू ओ’रूर्क नावाच्या हिशेबनिसाने बिलांच्या नकला उतरवून घेतल्या. चौकडीवर खार खाऊन असलेला माजी शेरीफ जेम्स ओ’ब्रायन यानेही कागद पुरवले आणि जुलैपासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आकडेच्या आकडे छापायला सुरुवात केली. त्याच महिन्यात ऑरेंज या आयरिश प्रोटेस्टंटांच्या मिरवणुकीच्या दंगलीत साठाहून जास्त माणसं मेली आणि टॅमनी निदान शहरात शांतता तरी ठेवते, हा धनिकांचा समज फुटला. सप्टेंबरात घाबरलेल्या कॉनलीने आपल्या खुर्चीचा ताबा अँड्र्यू ग्रीन या सुधारकाकडे दिला. डेमोक्रॅटिक पक्षातल्याच सॅम्युअल टिल्डन या वकिलाने ब्रॉडवे बँकेतली खाती उकरून पैसा कंत्राटदाराकडून ट्वीडकडे कसा वळला ते रकान्यांत मांडलं. नास्टची चित्रं या सगळ्याला चेहरा देत होती, आवाज देत होती. त्याने धाडस दाखवलं यात वाद नाही. त्याला युरोपात चित्रकला शिकायला पाठवण्याच्या नावाखाली लाच देऊ केली गेली, आणि हार्पर बंधूंच्या प्रकाशनाची शाळांना पुस्तकं पुरवायची ऑर्डर शहराने रद्द केली. पण कंबर मोडली ती आकड्यांनी.

तिकडे ट्वीडच्या वॉर्डातला माणूस त्याला का सोडत नव्हता, हा प्रश्न नास्टच्या एकाही चित्रात नाही. उत्तर अवघड नव्हतं. हिवाळ्यात कोळसा कोण पाठवतं? पोराला पालिकेत चिकटवतं कोण? कोठडीतून सोडवायला रात्री बेरात्री कोण येतं? १८७० च्या हिवाळ्यात ट्वीडने आपल्या वॉर्डातल्या गरिबांसाठी पन्नास हजार डॉलर दिले. लोकांचेच चोरलेले पैसे, हे खरं. पण ज्याच्या घरात शेगडी विझलेली आहे तो पैशाची वंशावळ विचारत नाही. सुधारक मंडळी त्याच्याकडे कर कमी करण्याची भाषा घेऊन येत होती. ज्याला करच भरायचा नव्हता, त्याला त्यात काय होतं?

नास्टला हे दिसलं नाही, कारण त्याला आयरिश माणूस माणूस म्हणून दिसतच नव्हता. त्याच्या चित्रात तो कायम माकडतोंड्या, हातात बाटली आणि सोटा. ३० सप्टेंबर १८७१ चं एक चित्र तर आपण आवर्जून बघावं, कारण त्याच्या नावात गंगा आहे : ‘अमेरिकेतली गंगा नदी’. नदीतून मगरी सरपटत काठावर येताहेत. जवळून पाहिलं की कळतं, मगरी नव्हेत, ते आयरिशांच्या कॅथॉलिक पंथाचे बिशप आहेत; डोक्यावरची उंच टोपी म्हणजे मगरीचा उघडा जबडा. काठावर भेदरलेली शाळकरी मुलं, त्यांच्या पुढे कोटात बायबल खोचून उभा असलेला एक शिक्षक, आणि वरच्या कड्यावरून ट्वीड आणि मंडळी आणखी मुलं खाली ढकलताहेत. कारागिरी म्हणून थक्क व्हावं असं चित्र. पण ही गंगा आली कुठून? मिशनऱ्यांच्या पुस्तकांतून. हिंदू आई आपलं तान्हं मूल गंगेत मगरीपुढे टाकते, हे चित्र अमेरिकेतल्या रविवारच्या शाळांमध्ये लहान पोरांना दाखवलं जायचं. आपल्याबद्दलची एक थाप नास्टने आयरिशांबद्दलच्या दुसऱ्या थापेला जोडली. भ्रष्टाचारावरचं म्हणून हे चित्र छापलं गेलं, पण त्यात भ्रष्टाचार पार कोपऱ्यात, कड्यावर आहे. मध्यभागी आहे परधर्माची भीती.

आता ते दुसरं चित्र.

नास्टवर अन्याय नको, म्हणून आधी हे सांगतो. यादवी युद्ध संपलं त्या वर्षी, ५ ऑगस्ट १८६५ ला, त्याने एक पाय गमावलेला कृष्णवर्णीय सैनिक काढला आणि देशाला विचारलं, मताचा हक्क सगळ्यांना, मग या माणसाला का नाही? तीन वर्षांनी त्याने काढलं की एक आयरिश, एक जुना गुलामीवाला आणि एक धनदांडगा असे तिघे अशाच एका सैनिकाच्या पाठीवर पाय देऊन उभे आहेत आणि त्याचा हात मतपेटीकडे जाता जाता राहिलाय. त्या काळात इतक्या ठामपणे हे म्हणणारा चित्रकार दुसरा नव्हता. इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष वृत्तीबद्दल. ती अर्पणपत्रिका ज्या अमेरिकेला उद्देशून होती, त्यात १८६५ चा नास्ट नक्की बसतो.

आणि ‘गुलामगिरी’नंतर तीनच वर्षांनी, ९ डिसेंबर १८७६ ला, ‘हार्पर्स वीकली’च्या मुखपृष्ठावर एक तराजू आला. एका पारड्यात दात विचकणारा, अनवाणी कृष्णवर्णीय, दुसऱ्यात माकडतोंड्या आयरिश. काटा अगदी मध्ये. एक दक्षिणेचा, एक उत्तरेचा. शीर्षक, ‘अडाणी मत’. राष्ट्राध्यक्षपदाची हेस-टिल्डन निवडणूक नुकतीच होऊन गेली होती, तीन दक्षिणी राज्यांचे निकाल लटकले होते, दोन्ही बाजूंनी एकमेकांवर लबाडीचे आरोप चालले होते. दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदारांना बंदुकीच्या धाकाने घरी बसवलं गेलं होतं. म्हणजे लुटलं गेलेलं मत कोणाचं, तर पारड्यातल्या त्याच माणसाचं. आणि नास्टने आरोपी म्हणून तोललं त्यालाच! पाच वर्षांपूर्वी मतपेटीला रेललेला तो माणूस कुठे गेला? मोजणारे कुठे गेले? चित्रात त्यांना जागाच नाही.

यावर कोणी म्हणेल, व्यंगचित्र म्हणजे अतिशयोक्ती, त्याला न्यायालयाचा निकाल कशाला समजता? मान्य. पण अतिशयोक्ती कशाची करायची ही निवड चित्रकाराचीच असते. आणि तो तराजू कागदावरच राहिला नाही. ज्या टिल्डनने ट्वीडची खाती उकरली, त्यानेच गव्हर्नर झाल्यावर नेमलेल्या आयोगाने १८७७ मध्ये सुचवलं, की शहरांच्या खर्चावर ताबा ठेवणारं मंडळ निवडण्याचा हक्क फक्त ठरावीक मालमत्ताकर किंवा भाडं भरणाऱ्यांना द्यावा. ट्वीडने चोरी केली म्हणून शिक्षा कोणाला, तर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला. पुढच्या वर्षी विधिमंडळाने ते मंजूर केलं नाही, म्हणून वाचलं. दक्षिणेत मात्र वाचलं नाही. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत मतदाराला घटनेचं कलम वाचून किंवा समजावून दाखवायची अट घातली. समजलं की नाही ते ठरवणारा गोरा कारकून. निवडणुका स्वच्छ करतोय, असंच सगळीकडे सांगितलं गेलं.

गुप्त मतदानाचंही तेच. ऑस्ट्रेलियात १८५६ मध्ये सुरू झालेली सरकारी मतपत्रिका १८८८ पासून अमेरिकेत पसरली. ती हवीच होती. १८८८ च्या इंडियानातल्या प्रचारात रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा खजिनदार विल्यम डडली याचं पत्र फुटलं होतं, की विकाऊ मतदारांचे पाचापाचाचे गट करा आणि प्रत्येक गटावर पैशांसह एक भरवशाचा माणूस नेमा. मत गुप्त झालं की विकत घेणाऱ्याला पावती मिळत नाही, धंदा बसतो. पण दक्षिणेतल्या काही राज्यांत हीच मतपत्रिका मुद्दाम अशी रचली की वाचता न येणाऱ्याला ती भिंतच वाटावी : पक्षाचं नाव नाही, खूण नाही, नुसत्या नावांची यादी, आणि मदतीला कोणाला न्यायची मुभा नाही. एकच कागद; एका ठिकाणी दलालाला हटवायला, दुसऱ्या ठिकाणी मतदाराला.

दुसऱ्या तऱ्हेने चित्र काढता येत होतं की नाही? येत होतं. जोसेफ केपलरने २३ जानेवारी १८८९ च्या ‘पक’ साप्ताहिकात सिनेटचं सभागृह काढलं. समोर चिमुकले सिनेटर बाकांवर बसलेत आणि मागे भिंतीला लागून पोलाद, तांबं, साखर, तेल यांचे ट्रस्ट, म्हणजे अख्खा धंदा मुठीत ठेवणारे कंपन्यांचे कंपू, उभे आहेत, माणसाच्या पायांवर छतापर्यंत फुगलेली पैशांची पोती. मक्तेदारांचा दरवाजा सताड उघडा. वर सज्जात लोकांचा दरवाजा बंद. यात मतदाराची थट्टा नाही. सिनेटर तेव्हा लोक निवडतच नव्हते, राज्यांची विधिमंडळं निवडायची आणि विधिमंडळं विकत मिळायची. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने निवड थेट लोकांकडे गेली. म्हणजे केपलर ज्या बाजूने बघत होता, त्या बाजूचा इलाज दरवाजा उघडण्याचा होता. नास्टच्या तराजूचा इलाज दरवाजा लावण्याचा.

(व्यंगचित्रांना आवर घाला असं मी म्हणतोय असं कोणाला वाटू नये. तो प्रयोग पेनसिल्वेनियाने करून पाहिला. गव्हर्नर पेनीपॅकरला एका चित्रकाराने पोपट करून सोडलं, तेव्हा १९०३ मध्ये तिथल्या विधिमंडळात माणसाला पशू, पक्षी, मासा किंवा किडा दाखवायला बंदी घालणारं विधेयक आलं. लगेच दुसऱ्याने पुढाऱ्यांना भाज्या आणि बिअरचा मग करून टाकलं, कारण भाज्या राहून गेल्या होत्या.)

हे सगळं आज कशाला? महापालिकेच्या निवडणुका लागल्या की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो : झोपडपट्टीतले लोक पाचशे रुपयांना आणि एका साडीला मत विकतात, यांच्या एका मताला आणि आपल्या एका मताला सारखंच वजन कसं? खाली अंगठे पडतात. पाठवणारे वाईट नाहीत. कर भरतात, खड्ड्यांना वैतागलेत. पण हा नास्टचाच तराजू आहे. पाचशेची नोट कोणाच्या खिशातून निघाली, ती वसूल कुठल्या कंत्राटातून होणार, गेल्या वर्षीच्या रस्त्याचा डांबराचा थर बिलात किती आणि जागेवर किती, हे प्रश्न त्या ग्रुपवर कोणी टाकत नाही. त्याला ओ’रूर्कसारखं बसून बिलं उतरवून काढावी लागतात. मतदाराला नावं ठेवायला अंगठा पुरतो.

मजा अशी की ज्या देशातल्या गंगेत अमेरिकेला फक्त मगरी दिसल्या, त्या देशाने १९५१-५२ मध्ये १७ कोटींहून जास्त मतदारांची निवडणूक घेतली, तेव्हा साक्षर होते शंभरात अठरा. मतपत्रिका वाचायचीच गरज नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह : बैलजोडी, झोपडी, दिवा. कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांच्यापुढेही अडाणी मताचं भूत नाचवणारे लोक होतेच. त्यांनी मतदाराला तोलण्याऐवजी पेटीवर चित्र चिकटवलं.

ट्वीडचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. डिसेंबर १८७५ मध्ये तो कैदेतून पळाला, क्युबामार्गे स्पेनला गेला. १८७६ मध्ये व्हिगो बंदरात त्याला पकडलं, ते नास्टच्या चित्रावरून. त्या चित्रात कैद्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातला ट्वीड दोन भुरट्या पोरांना मानगुटीला धरून उभा आहे. मोठे चोर मोकाट आणि छोटे पकडले जातात, असा टोमणा. स्पॅनिश अधिकाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. चेहरा त्यांनी बरोबर ओळखला. गुन्हा वाचला तो, मुलं पळवणारा. अमेरिकन युद्धनौकेने २३ नोव्हेंबरला त्याला न्यूयॉर्कला आणून सोडलं. त्यानंतर सोळाव्या दिवसाची तारीख असलेल्या अंकावर तराजूचं चित्र होतं.